लोकाडियाची टाळी

मुतारे शहराजवळच्या डोंगराखाली म्हाताऱ्यांचं जे घर आहे, तिथे फोन लोकाडियाच्या हातात आला तो तिच्या हुशारीमुळे नव्हे, आवाजामुळे. बाई कुजबुजली तरी फाटकावरचा राखणदार वळून बघतो. चर्चने दिलेली पाटीएवढी टॅब्लेट कोणाकडे सोपवायची असा प्रश्न निघाला, तेव्हा मेट्रन म्हणाली, "लोकाडियाकडे द्या. बहिऱ्यांसाठी वेगळं मशीन घ्यायला नको."

त्याला आता नऊ वर्षं झाली. रविवारी जेवणं उरकली, मक्याच्या पिठाच्या सादझाची पातेली घासून पालथी घातली, की दोन वाजता लोकाडिया हात धुते आणि मोठ्या खोलीतल्या पूर्वेच्या खिडकीपाशी जाऊन बसते, कारण रेंज तेवढ्या एका खिडकीत येते. मग एकेक म्हातारा, एकेक म्हातारी, इकडच्या बोलीत एकेक सेकुरु, एकेक गोगो, तिच्या शेजारच्या खुर्चीवर. काचेत कोणाची लेक लंडनहून, कोणाचा नातू केपटाउनहून. तिकडचं ऐकू आलं नाही तर ही ओरडून सांगते. इकडचं बोळक्या तोंडाचं तिकडे कळलं नाही तर तेही हीच सांगते. लग्न ठरवताना दोन घरांमध्ये शब्दांची ने-आण करणारा जो मध्यस्थ असतो, मुन्याई, त्याच्यावरून सगळे तिला मुन्याई म्हणायला लागले. मुन्याई खरं तर पुरुष असतो. पण लोकाडियाचा आवाज ऐकल्यावर त्या बाबतीत कोणी वाद घातला नाही.

तिला या नावाचा भारी अभिमान. मुन्याईने शब्द जसा घेतला तसा द्यायचा. वरून मीठ नाही, साखर नाही. एकदा एका लेकाने फोनवर आईला सुनावलं, "तुझ्यापायी माझा संसार बुडाला." लोकाडियाने तेही खणखणीत आवाजात आईच्या कानात घातलं, आणि मग उठून तिला दोन चमचे साखर घालून चहा करून दिला. म्हणाली, "गोगो, शब्द माझा नव्हता. चहा माझा आहे."

तिच्या स्वतःच्या नवऱ्याचा फोन मात्र कधी आला नाही. झेकारिया चौदा वर्षांपूर्वी जोहान्सबर्गला गेला. पहिल्या नाताळाला एका बसवाल्याबरोबर तेल, साखर आणि एक जाडजूड ब्लँकेट पाठवलं. त्यानंतर बातमी नाही, चिठ्ठी नाही. दुसरी बाई केली म्हणावं तर तसं सांगणारं कोणी भेटलं नाही, मेला म्हणावं तर प्रेत नाही. लोकाडियाने या चौदा वर्षांत तीन फोन बदलले, पण नंबर तोच ठेवला, आणि फोन कधी म्हणून बंद केला नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "कामात असतो." विचारणारेही शहाणे, पुढे विचारत नसत.

इकडे टाळीशिवाय पान हलत नाही. नमस्कार टाळीने, आभार टाळीने, माफीही टाळीनेच. पुरुषाने तळव्यावर तळवा आणि बोटांवर बोटं ठेवून सपाट वाजवायची. बाईने तळवे आडवे धरून, मध्ये ओंजळीएवढी जागा ठेवून. एकाचा आवाज फळीवर फळी पडल्यासारखा, दुसरीचा मडक्यावर थाप मारल्यासारखा. शेंबडं पोरसुद्धा यात चुकत नाही. झेकारियाची टाळी मात्र या दोन्हींत बसायची नाही. लाकडाच्या गिरणीत त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तो दारात येऊन टाळी वाजवायचा तेव्हा ती लंगडत यायची, अर्धी भरीव, अर्धी फुसकी. चुलीपाशी बसलेली लोकाडिया मान वर न करताच ताट वाढायला घ्यायची. हे तिने या घरात कोणालाही सांगितलेलं नव्हतं. बोटांचं सांगितलं की माणसाचं सांगावं लागतं.

आता गोगो वेनान्सियाचं. वय शहाऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला. उजेड कळे, माणूस कळत नसे. कान मात्र असे की स्वयंपाकघरात कोणती मांजर शिरली तेही पलंगावरून सांगायची. तिचा उरलेला एकच मुलगा, अबसालोम, एकोणीस वर्षं इंग्लंडात लेस्टरला होता. तिथल्या म्हाताऱ्यांच्या घरात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं, कूस बदलायचं काम करायचा. "बीबीसीत आहे तो," असं सेकुरु फिरी सगळ्यांना सांगायचा, आणि कोणी डोळे मोठे केले की पुढचं सांगायचा, "ब्रिटिश बूड क्लीनिंग." हा सेकुरु मूळचा मलावीचा, आयुष्य चहाच्या मळ्यात गेलं, जवळचं कोणी उरलं नाही. तरी रविवारी दाढी करून फोनपाशी येऊन बसायचा. "माझा फोन आला तर सांग, मी बाहेर गेलोय," लोकाडियाला बजावायचा.

अबसालोम दर रविवारी फोन करायचा, चुकायचा नाही. आणि दर रविवारी मायलेकांमध्ये एक गाय येऊन उभी राहायची.

लेकीच्या लग्नात तिच्या आईला एक गाय मिळते. तिला जन्म दिला म्हणून. ती गाय बापाची नसते, भावाची नसते. आईची आणि आईच्या माहेरच्या पितरांची असते. ती विकणं म्हणजे आईच्या पोटाचा सौदा करणं. आणि अबसालोमने नेमका तोच केला. आई एका मयताला गेली होती, तेवढ्या दोन दिवसांत गाय विकून विमानाचं तिकीट काढलं. पुढे ती लेकही आजाराने गेली, आणि गोगोच्या मनातली गाठ आणखी घट्ट बसली. आई अशी गाठ पोटात घेऊन गेली तर लेकराला थारा नाही. जिवंतपणी तर नाहीच, आणि मेल्यावर पितर त्याला दारात उभं करत नाहीत. हे अबसालोमला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक असतं. लेस्टरला गेलं म्हणून ते विसरायला होत नाही.

बोलणं संपत आलं की तो हळूच विचारायचा, "आई, ते... गाईचं?"

"समोर ये," गोगो म्हणायची. "माझ्या पायाशी बस, टाळी वाजव, माफी माग. गाईच्या गोष्टी काचेतून होत नसतात."

त्याची कागदपत्रं काही होत नव्हती. एकदा बाहेर पडला तर परत आत घेणार नाहीत अशी भीती. लोकाडिया हे बोलणं इकडून तिकडे, तिकडून इकडे नेऊन थकली. कधी वाटायचं, आज चिमूटभर साखर घालावी, 'आई म्हणते बघू' एवढं तरी सांगावं. पण मुन्याई ती मुन्याई. सांगितलं नाही.

जुलैतला एक बुधवार होता. सकाळपासून गुटी पडत होती, धड पाऊस नाही, धड धुकं नाही. दुपारी दोन वाजता कपाटात ठेवलेली टॅब्लेट, तिथे रेंज नसतानाही, वाजायला लागली. बुधवारी फोन कोणाचा असणार? लोकाडियाने कुलूप काढलं. नाव अबसालोमचं. ती खिडकीपाशी धावली, बोट लावलं. काच काळीभोर. आवाज नाही, फक्त चढ चढून आलेल्या माणसासारखा श्वास.

"अबसालोम? आज बुधवार आहे बाबा. आई झोपली आहे."

श्वास तसाच चालू राहिला आणि मग बंद झाला. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून गोगोची हाक आली. "लोकाडिया, त्याला आत घे गं. बाहेर उभा आहे कधीचा, भिजतोय."

"कोणाला, गोगो?"

"माझ्या लेकाला. आणखी कोणाला?"

स्वप्नात असेल म्हातारी, असं म्हणून लोकाडियाने पांघरूण सारखं केलं. पण दार उघडून बाहेर बघून आली. बाहेर कोणी नव्हतं. पायपुसणं मात्र ओलं होतं, आणि ते व्हरांड्यात इतकं आत होतं की तिथे गुटी पोचत नाही.

दुसऱ्या दिवसापासून गोगोने हट्ट धरला की तिच्या खुर्चीशेजारी एक खुर्ची ठेवा. ठेवली. ती रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसायची. बोलायची नाही, नुसती ऐकत असल्यासारखी. सेकुरु फिरी एकदा चुकून तिथे टेकला आणि लगेच उठला. लोकाडिया म्हणाली, "का हो, काटे टोचले?" एरवी त्याने चार शब्द परत दिले असते. नुसता म्हणाला, "तिथे गार लागतं," आणि आपली खुर्ची भिंतीकडे ओढून घेतली.

शुक्रवारी लोकाडियाच्या स्वतःच्या फोनवर अबसालोमच्या बायकोचा, फुंगिसाईचा फोन आला. रडून रडून आवाज फाटला होता. अबसालोम गेला. कामावर एका म्हाताऱ्या गोऱ्याची कूस बदलताना कोसळला, उठलाच नाही. बुधवारी.

"किती वाजता?" लोकाडियाने विचारलं.

"एक वाजता. तुमचे दोन."

लोकाडियाने कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं. "त्याचा फोन कुठे होता तेव्हा?"

"कामावर जवळ ठेवू देत नाहीत. कपाटात होता, बंद. मलाही काल मिळाला. का गं?"

"काही नाही," लोकाडिया म्हणाली.

मरणाची बातमी आईला फोनवर सांगत नाहीत. ती माणसं घेऊन येतात, आधी बसतात, पाणी पितात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि मग सांगतात. बुहेऱ्याहून कुळातले वडीलधारे पुढच्या आठवड्यात येणार होते. पण फुंगिसाईला तोवर धीर नव्हता. "प्रेत घरी आणायचंय. माफीशिवाय त्याला पुरायचं कसं, लोकाडिया? हे माझ्या पोरांच्या डोक्यावर येऊन बसेल. रविवारी मी फोन लावते. सांगते त्याचा घसा बसलाय. त्याच्या वतीने माफी मागते."

"मी खोटं सांगणार नाही."

"तू कुठे सांगतेस? खोटं मी बोलते. तू जसं ऐकशील तसं दे. नाहीतरी तुझा तोच नियम आहे ना?"

स्वतःच्याच दाव्याने बांधली गेली बिचारी. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. शनिवारभर भांडी आपटत राहिली, आणि कांदे चिरताना एवढी रडली की स्वयंपाकीण म्हणाली, "अगं, किती तिखट निघाले हे कांदे?"

रविवार आला. दोन वाजता गोगो खिडकीपाशी बसली, एका बाजूला लोकाडिया, दुसऱ्या बाजूला ती रिकामी खुर्ची. फोन आला. काचेत फक्त छत आणि दिव्याची दोरी.

"आई, फुंगिसाई बोलतेय. यांचा घसा पार बसलाय. इथेच आहेत, शेजारी. ऐकतायत. म्हणतात, गाईचं माफ करा. येता येत नाही, म्हणून इथूनच पाया पडतात."

लोकाडियाने शब्दाला शब्द सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

गोगो काचेकडे बघत नव्हती. तिचं तोंड खुर्चीकडे होतं. "घसा बसला," ती म्हणाली. "असू दे. हात तर आहेत ना त्याला? टाळी वाजवू दे."

लोकाडियाने तेही पोचवलं. मग टाळी आली. फुंगिसाईने तळवे सपाट धरायचा प्रयत्न केला असणार. पण हाताला चाळीस वर्षांची सवय, त्यात भीती. आवाज मडक्याचा आला.

"ही बाईची टाळी," गोगो म्हणाली. "सूनबाई, माझे डोळे गेलेत. कान गेलेले नाहीत."

तिकडून हुंदका आला. गोगोने काठी चाचपली आणि उठायला लागली. "बंद कर ते, लोकाडिया. माझा लेक माझ्यापुढे टाळी वाजवणार नसेल तर मी कोणाला माफ करू? भिंतीला?"

ती उठली असती तर संपलंच होतं. वडीलधारे येणार, मेल्याची बातमी सांगणार, आणि मेलेल्याने टाळी वाजवली नाही म्हणून माफीचं दार कायमचं लागणार. लोकाडियाने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बुधवारचा तो श्वास तिला आठवला, दारात थांबलेला. तिने टॅब्लेट मांडीवर ठेवली, तळव्यावर तळवा, बोटांवर बोटं, आणि सपाट टाळी वाजवली. एक, दोन, तीन. नऊ वर्षांत कधी चिमूटभर मीठ नाही, आणि आज अख्खं ताटच खोटं वाढलं.

गोगो थबकली. मग हळूहळू पुन्हा खाली बसली. "पाणी दे," म्हणाली.

तिच्या माहेरची रीत होती ती. तिने घोट तोंडात घेतला, धरून ठेवला आणि फुर्रकन फवारला. थोडं काचेवर, थोडं त्या खुर्चीवर. "माझ्या पोटात तुझ्यासाठी राग होता," ती म्हणाली. "तो या पाण्याबरोबर बाहेर गेला. गाय गेली, तिचं काही नाही. जा आता. घर तुला उघडं आहे."

सेकुरु फिरी भिंतीपाशी बसला होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली. खोलीतला गारठा एकदम कमी झाला, असं तो नंतर सांगायचा. कोणी विचारलं नाही तरी सांगायचा.

लोकाडिया एप्रनने काच पुसायला लागली. फुंगिसाईचा चेहरा आता दिसत होता. ती मागे वळून बघत होती.

"लोकाडिया," तिने बारीक आवाजात विचारलं, "तिथे टाळी कोणी वाजवली?"

"मी."

"तुझी मला फोनमधून ऐकू आली. दुसरी माझ्या मागून आली. स्वयंपाकघरातून. पोरं चर्चला गेलीत. मी घरात एकटी आहे." आणि फोन कापला गेला.

संध्याकाळी लोकाडिया गोगोला लापशी भरवायला गेली. दोन घास झाल्यावर गोगोने तिचं मनगट धरलं आणि तळवा नाकाशी नेला.

"कांद्याचा वास," ती म्हणाली. "टाळी वाजली तेव्हाच आला होता."

लोकाडियाचा चेहरा पडला. "गोगो, माझं चुकलं. मी आजवर कधी..."

"माहीत आहे गं. आणि लेक गेलाय हे मला बुधवारीच कळलं. जिवंत माणूस दारात इतका वेळ मुकाट उभा राहत नाही."

"मग टाळी का मागितलीस? माझा जीव जायची वेळ आली."

"मेलेल्याला हात नसतात. माफी मागायची तर कोणा जिवंताने त्याला हात द्यावे लागतात. सुनेने दिले ते तिच्याच धाकाचे होते. तू दिलेस तेव्हा तो वाजवू शकला. एका हाताने टाळी वाजत नाही, लोकाडिया. एक तुझा होता, एक त्याचा. दोन्ही टाळ्या ऐकल्या मी."

लोकाडियाला रडू फुटलं. नऊ वर्षांचा नियम मोडला म्हणून की मोडूनही टिकला म्हणून, ते तिचं तिला कळेना. वडीलधारे येतील तेव्हा त्यांना पाणी तरी सुखाने पिता येईल, एवढं मात्र खरं होतं. तिने डोळे पुसले आणि पुढचा घास भरला. गोगोने तोंड उघडलं नाही. ती पुन्हा खुर्चीकडे कान लावून बसली होती.

"ती खुर्ची उचलू का आता?" लोकाडियाने विचारलं. "तो गेला ना?"

"तो गेला. पण खुर्ची उचलू नकोस." गोगो म्हणाली. "तू त्याला हात दिलेस ते आणखी कोणीतरी बघितलं. तुझी टाळी संपल्यावर त्यानेही एक वाजवून पाहिली. मला वाटलं, काहीतरी पडलं. आता पुन्हा वाजवतोय."

"कोण?"

"मला काय ठाऊक, आमच्या कुळातला नाही. टाळी चमत्कारिक आहे बघ. अर्धी भरलेली, अर्धी रिकामी. लंगडत येते. हाताला बोटं कमी असावीत तशी." तिने पांढरे डोळे लोकाडियाकडे वळवले. "कोण आहे गं तो? तुझ्या नावाने येतोय. कधीचा रांगेत उभा होता म्हणे."

लापशीचा वाडगा लोकाडियाने खाली ठेवला. कान लावून पाहिलं. तिला काहीच ऐकू आलं नाही, फक्त पन्हळीतून ठिबकणारं पाणी. पण चौदा वर्षांचं उत्तर समोर चार फुटांवर त्या खुर्चीत बसलं होतं, आणि ते आपल्या कानांनी ऐकलं नाही म्हणून नाकारावं, एवढी ती अडाणी नव्हती. शब्द जसा आला तसा घ्यायचा असतो.

ती खुर्चीपुढे जमिनीवर बसली, नवरा लांबून घरी आल्यावर बायको बसते तशी, पाय एका बाजूला दुमडून. तळवे आडवे धरले, मध्ये ओंजळीएवढी जागा ठेवली आणि टाळी वाजवली. "आलात," ती म्हणाली. त्या घरात पहिल्यांदा तिचा आवाज शेजारच्या पलंगापर्यंतही गेला नाही. मग तिने एप्रनच्या खिशातून आपला फोन काढला, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा बंद केला.